हावड्याचा रामराजा आणि गंगेपलीकडचा शिवाजी-उत्सव

हावडा म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे दोनच वस्तू उभ्या राहतात. एक लोखंडी पूल आणि दुसरी रेल्वेचे स्थानक. दोन्ही वस्तू ओलांडून पुढे जाण्याच्या आहेत. स्थानकावर उतरावे, पुलावरून पलीकडे जावे आणि कलकत्ता गाठावे, हाच आजवरचा परिपाठ. ज्या गावाच्या भूमीवर आपण प्रथम पाय ठेवतो त्या गावालाही स्वतःचे काही जीवन असेल, त्याचे देव, त्याच्या जत्रा, त्याची भांडणे आणि त्याच्या तडजोडी असतील, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आम्ही गंगेकाठी राहणारे मराठी लोकही या बाबतीत फारसे निराळे नाही. आमची मंडळे, आमचे गणपती आणि आमची नाटके पूर्वतीरावर; हावडा म्हणजे सुटीत गावी जाण्याची गाडी जिथून सुटते ती जागा. प्रस्तुत लेखात आम्ही या पश्चिमतीरावरच्या उन्हाळ्याचा, म्हणजे चैत्रापासून श्रावणापर्यंत तिथे जे लोकोत्सव चालतात त्यांचा विचार करणार आहोत. आणि तो करताना एक जुना प्रश्नही वाटेत आडवा येणार आहे, कारण त्याचा संबंध आमच्याच माणसांशी आहे.

हावड्याचा लेखी इतिहास एका हंगामी बाजारानेच सुरू होतो म्हणावे, तर ते फारसे चुकणार नाही. आजच्या शिवपूर भागात बेतोड नावाचे जुने ठिकाण आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सीझर फ्रेडरिक हा व्हेनिसचा व्यापारी तिथे येऊन गेला. पोर्तुगीजांची मोठी गलबते नदीतून वर सातगावपर्यंत जाऊ शकत नसत. ती बेतोडपाशी नांगरून राहत आणि तेवढ्या काळापुरते तीरावर गवताचे एक गावच उभे राही. दुकाने, वखारी, घरे, सारे काही त्यात असे. गलबते परत निघाली की ते गाव जाळून टाकीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभारीत. जाताना जी वसाहत दिसली ती येताना राखेच्या रूपात पाहून या प्रवाशाला मोठा विस्मय वाटला होता. ज्या भूमीचे आद्य नगर असे दरसाल उभे राहून दरसाल नाहीसे होई, त्या भूमीत माती-बांबूची प्रचंड दैवते दरसाल घडवून दरसाल गंगार्पण करण्याची चाल रुजावी, यात आम्हांला तरी नवल वाटत नाही.

बंगालचा उन्हाळा कोरडा नसतो. विदर्भातील किंवा खानदेशातील माणसाला ऊन ठाऊक असते, परंतु इथला घाम ठाऊक नसतो. दुपारभर आकाश शिशासारखे जड होते आणि मग एखाद्या सायंकाळी वायव्येकडून काळे ढग उठून वादळ कोसळते. आपल्याकडच्या वळिवाचाच हा थोरला भाऊ. त्याला इथे कालबैशाखी म्हणतात. असल्या हवेत माणसाने घरी पडून राहावे हे शहाणपणाचे. तथापि लोकांनी आपले पुष्कळसे मेळे नेमके याच दिवसांत घातले आहेत. कारण उघड आहे. ज्याचे पोट शेतावर चालते त्याला पीक घरी आल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंतच सवड असते. आपल्या गावोगावच्या यात्राही चैत्र-वैशाखातच भरतात, त्या याच हिशेबाने.

उन्हाळ्याचे दार उघडते ते चरकाने. चैत्रसंक्रांतीस, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, बंगाली वर्ष संपते. त्याआधी काही दिवस, कुठे महिनाभर, शिवाचे व्रत घेतलेले लोक ‘संन्यासी’ होऊन घरोघर भिक्षा मागत फिरतात; या विधीला गाजन म्हणतात. संन्यासी बहुधा श्रमिक जातींतले. परंतु व्रत चालू असेपर्यंत त्यांचे गोत्र शिवाचे मानले जाते, आणि एरवी ज्यांची सावली टाळली जाई त्यांच्यापुढे त्या दिवसांत इतरांनी नमावे असा संकेत होता. चरकाचा खांब वर्षभर तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. तो वाजतगाजत बाहेर काढतात, उभा करतात आणि त्याच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला संन्यासी लोंबकळून गरगर फिरतात. पूर्वी पाठीच्या कातडीत लोखंडी गळ घालून हे फिरणे होई. १८६५ साली बंगाल सरकारने गळ टोचण्यास बंदी केली आणि पुढे दोर बांधून फिरण्याची चाल पडली. काही आडगावी जुनी रीत चोरून किंवा उघडपणे चालतच राहिली.

मराठी वाचकास हे वर्णन परके वाटू नये. वाईजवळच्या बावधन गावी रंगपंचमीस भैरवनाथाचे जे बगाड निघते ते याच कुळातले. तिथे खांब जागच्या जागी फिरत नाही, तर बैलांच्या जोड्या लावून अवजड गाडा ओढतात आणि नवसाचा माणूस वर टांगलेला असतो; गळ तिथेही गेला, दोर आला. काली प्रसन्न सिंह यांनी १८६२ सालच्या आपल्या ‘हुतोम प्याँचार नक्शा’ या खोडकर ग्रंथाचा आरंभ चरकाच्या वर्णनानेच केला आहे. कलकत्त्याच्या बाबूंना त्या दृश्याची लाज वाटे आणि ते पाहावयास गर्दीही तेच करीत. आपल्याकडील सुशिक्षितांची बगाडासंबंधीची वृत्ती याहून निराळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी नववर्ष. व्यापारी नव्या वह्या घालतात आणि जुन्या गिऱ्हाइकांना मिठाई देऊन मागची बाकी वसूल करतात; आपण जे दिवाळीत करतो ते इथे वैशाखात. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीस जावयाची पूजा होते. आपल्याकडच्या जावयास धोंड्याच्या अधिक मासाची तीन-तीन वर्षे वाट पाहावी लागते, इथला जावई दरसाल मान घेतो. बंगाली सासूच्या औदार्याचा हा पुरावा की आंब्यांच्या सुकाळाचा, ते जावयांनीच ठरवावे. ज्येष्ठी पौर्णिमेस, आपल्या स्त्रिया वडाला सूत गुंडाळीत असतात त्याच दिवशी, इथे जगन्नाथाची स्नानयात्रा आणि मग आषाढात रथ. हे सारे बंगालभर आहे. हावड्याचे म्हणून जे वेगळे आहे ते रामराजातल्यात.

‘तला’ म्हणजे झाडाचा बुंधा, त्याखालची बसण्याउठण्याची जागा. आपल्या पिंपळाच्या पारासारखी. बटतला, षष्ठीतला, कालीतला अशी नावे बंगालभर विखुरली आहेत. रामराजा जिथे बसतो ती रामराजातला. या भागातील सांतरागाछीच्या चौधरी जमीनदार घराण्यातील अयोध्याराम चौधरी यांनी ही रामपूजा सुरू केली, अशी तिथली परंपरा आहे. राम हा बंगालच्या घरोघरचा देव नव्हे. तिथे घराघरांत दुर्गा, काली, कृष्ण यांचे राज्य. कृत्तिवासाचे रामायण सर्वमुखी असले तरी रामाची मोठी सार्वजनिक पूजा ही गोष्ट विरळाच. म्हणून या पूजेला प्रारंभी विरोध झाला. गावात सरस्वतीची सार्वजनिक पूजा आधीपासून चालत आली होती. तिच्या भक्तांना वाटले की, जमीनदाराच्या या नव्या देवापुढे आपली देवी मागे पडणार. तंटा वाढला, आणि मग तो मिटला. कसा मिटला ते पाहण्यासारखे आहे.

रामराजाची मूर्ती सुमारे वीस-बावीस फूट उंच असते. मध्ये राम आणि सीता, भोवती बंधू, मारुती आणि इतर देवदेवता असा भरगच्च दरबार. आणि या साऱ्या दरबाराच्या शिरोभागी, रामाच्याही वर, सरस्वती. मूर्तीच्या सांगाड्यासाठी पहिला बांबू तोडावयाचा तो माघ शुद्ध पंचमीस, सरस्वतीपूजेच्या दिवशी. म्हणजे जिच्या भक्तांनी विरोध केला तिच्या मुहूर्तावाचून रामाचे काम सुरू होत नाही, आणि तिला माथ्यावर बसविल्यावाचून ते पुरे होत नाही. जमीनदाराच्या हाती लाठी होती, लठैतही असतील. पण ही तडजोड लाठीची दिसत नाही. ती कोणी सुचविली याची परंपरेत नोंद नाही. आम्हांला ती पंचांच्या बैठकीतील एखाद्या वृद्धाची वाटते, पण हा केवळ आमचा तर्क.

पूजा रामनवमीस बसते. आरंभी ती तीनच दिवस चाले, मग पंधरवडा झाला, मग महिना, आणि शेवटी चार महिने, असे सांगतात. आज तिचा शेवट श्रावणातल्या अखेरच्या रविवारी होतो. हा श्रावण बंगाली सौर मासाचा असल्याने तो रविवार ऑगस्टच्या मध्याच्या आगेमागे पडतो. आपल्या पंचांगातील श्रावणाशी त्याची सांगड घालू पाहणाऱ्याचा गोंधळ होईल. चैत्राच्या उन्हात बसलेला देव श्रावणाच्या चिखलात उठतो. एवढे दिवस चालणारा मेळा बंगालमध्ये दुसरा क्वचितच असेल. रविवारी गर्दी अधिक. पंढरपूरच्या वारीस माणूस घर सोडून जातो. रामराजाकडे माणूस काम आटोपून संध्याकाळी जातो, मुलाला पाळण्यात बसवितो, लाटणे-पोळपाट विकत घेतो, देवाला हात जोडतो आणि रात्री घरी परततो. आमच्या समजुतीप्रमाणे मेळ्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य यातच आहे. ज्याच्यासाठी रजा काढावी लागत नाही तो उत्सव गिरणीच्या गावाला मानवतो.

कारण हावडा मधल्या काळात गिरण्यांचे गाव झाले होते. १८५४ साली पहिली गाडी हावड्याहून हुगळीस गेली. १८६२ साली नगरपालिका आली. तीरावर ताग-गिरण्या, गोद्या आणि आत गल्लोगल्ली ओतशाळा उभ्या राहिल्या. बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा इकडून माणसे आली. त्यांनी रामराजा आणला नव्हता, परंतु रामाशी त्यांची ओळख इथल्या लोकांहून जुनी होती. जमीनदाराचा देव अशा रीतीने हळूहळू साऱ्यांचा झाला. बंगालीत अशा पूजेला ‘बारोयारी’ हा शब्द आहे. हुगळी जिल्ह्यातील गुप्तिपाडा येथे १७९० च्या सुमारास बारा मित्रांनी, बारा यारांनी, वर्गणी काढून पूजा केली, त्यावरून तो रूढ झाला असे मानतात. आपला ‘सार्वजनिक’ हा शब्द सभेतून आला, त्यांचा ‘बारोयारी’ ओट्यावरच्या गप्पांतून. आम्हांला दुसरा अधिक आवडतो.

विसर्जनाच्या दिवशी रामराजा एकटा निघत नाही. शेजारच्या वस्त्यांतील देवताही त्याच दिवशी निघतात. त्यांत बाकसाड्याचा नवनारीकुंजर आहे. नऊ स्त्रियांच्या देहांनी घडलेला हत्ती आणि त्यावर कृष्ण, ही कल्पना आपल्याही जुन्या चित्रांतून आढळते. तिची मातीची मूर्ती करून गंगेवर नेण्याइतकी हौस मात्र आपण दाखविली नाही.

आता आडव्या आलेल्या प्रश्नाकडे वळू.

ज्या पश्चिमतीरावर हे मेळे भरतात त्या तीरावर मराठे १७४२ साली उन्हाळ्यातच आले होते. भास्करराम कोल्हटकरांच्या फौजा एप्रिलमध्ये बर्दवानाजवळ प्रकटल्या, मेमध्ये मुर्शिदाबादेवर त्यांचा छापा पडला आणि जुलैत हुगळी त्यांच्या हाती गेली. गंगेच्या पश्चिमेचा मुलूख बर्ग्यांच्या घोड्यांखाली आला. ज्यांना शक्य झाले ती माणसे होड्यांत बसून पूर्वतीरावर पळाली. कलकत्त्याच्या रहिवाशांनी भिऊन १७४३ साली शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही आणि त्याची गरजही पडली नाही. १७४४ साली अलीवर्दीखानाने भास्कररामास भेटीस बोलावून दग्याने मारले, १७५१ साली तह होऊन चौथाईचे बारा लाख ठरले, आणि फौजा ओसरल्या. मागे राहिली ती मुलांना निजविताना गाण्याची एक ओवी. तीत बर्गी येतात, आणि खंडणी कशातून द्यावी ही काळजी येते. बंगालच्या मुलाच्या कानी मराठ्याचे नाव प्रथम पडते ते असे. गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे काव्यही याच आपत्तीचे, पण ते विद्वानांपुरते राहिले. ओवी घरोघर राहिली.

यानंतर दीडशे वर्षांनी त्याच प्रांताच्या राजधानीत शिवाजीचा उत्सव व्हावा, हा इतिहासाचा मोठाच चमत्कार म्हटला पाहिजे. मध्ये पुस्तकांनी काम केले होते. रमेशचंद्र दत्तांची ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही कादंबरी १८७८ ची. सत्येंद्रनाथ ठाकूर आपल्या इलाख्यात न्यायाधीश होते, साताऱ्यास राहिले, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. आणि सर्वांत मोठे काम सखाराम गणेश देउस्करांचे. देवघराजवळच्या करों गावी १८६९ साली जन्मलेला हा मराठी ब्राह्मण बंगाली लेखक झाला. त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ साली निघाले आणि १९१० साली सरकारने जप्त केले. रायगडावर टिळकांनी १८९६ साली जो उत्सव केला तो देउस्करांनी १९०२ पासून कलकत्त्यात आणण्याची खटपट केली. १९०४ साली त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी शिवाजी-उत्सवावर कविता लिहिली. तिच्यामुळे मराठी माणसाच्या मनात बंगालविषयी जो जिव्हाळा उत्पन्न झाला तो अद्याप आटलेला नाही.

वंगभंगानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, जून १९०६ मध्ये, राज्याभिषेकाच्या तिथीच्या सुमारास, हा उत्सव कलाटणीस पोचला. टिळक, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे आले. मुंबईकडून येणाऱ्या दोन्ही लोहमार्गांचे टोक हावडाच. स्थानकाची नवी इमारत आदल्याच वर्षी उघडली होती. पलीकडे स्वदेशी मेळा, व्याख्याने, गंगास्नानाची प्रचंड मिरवणूक. एवढा लोकसमुदाय पूर्वी क्वचितच जमला असेल. बिपिनचंद्र पाल प्रभृतींनी उत्सवात भवानीच्या मूर्तीची पूजाही योजिली होती. शिवाजीचे चरित्र ज्याला ठाऊक आहे त्याला यात विपरीत काहीच दिसणार नाही. परंतु मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्मसमाजींतील कित्येकांना ती रुचली नाही, आणि मुसलमान समाज दूर राहिला. ज्या फाळणीविरुद्ध हिंदु-मुसलमानांनी एक व्हावे असे बोलले जात होते, तिच्याच चळवळीतला हा उत्सव. पुढे फारशी वर्षे गेली नाहीत. सुरतेस १९०७ साली काँग्रेस फुटली, १९०८ साली टिळक मंडालेस गेले, रवींद्रनाथ त्या राजकारणातून बाहेर पडले, १९१२ साली देउस्कर वारले. उत्सव मावळला.

तो का मावळला, याचे उत्तर सामान्यतः दडपशाही असे दिले जाते. ते खरे आहे, पण पुरते नाही. दडपशाही महाराष्ट्रातही होती. कोणी ओवीकडे बोट दाखवील आणि म्हणेल की, बर्ग्यांच्या पुढाऱ्याचा उत्सव बंगाल किती दिवस करणार? आम्हांला तेही कारण गौण वाटते. शिवाजी आणि बर्गी यांच्यात सुमारे साठ वर्षांचे आणि स्वभावाचेही अंतर आहे, हे सांगून पटविता येत होते, आणि देउस्करांनी ते पटविलेही होते. आम्हांला मुख्य कारण दिसते ते असे की, तो उत्सव सभेचा राहिला. त्याला मैदान होते, मंडप होता, वक्ते होते, ‘तला’ नव्हती. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या हावड्याच्या ओतकाऱ्याला तिथे जाऊन विकत घेण्यासारखे काही नव्हते आणि मुलाला दाखविण्यासारखा पाळणा नव्हता. दुसरे असे की, ज्यांना भवानी अडली त्यांना कोणता मान द्यावा, कोणता मुहूर्त त्यांचा म्हणून ठेवावा, याचा विचार करण्यास पुढाऱ्यांना वेळ मिळाला नाही. त्याच जूनमध्ये नदीपलीकडे रामराजा आपल्या आसनावर बसलेला होता आणि त्याच्या माथ्यावर त्याच्या विरोधकांची देवी होती. पुढाऱ्यांपैकी कोणी तिकडे पाहिले असेल असे वाटत नाही.

आक्षेप येईल की, गावातल्या दोन देवभक्तांचा तंटा कोठे आणि दोन धर्मांचा, प्रांताच्या फाळणीचा प्रश्न कोठे! आक्षेप रास्त आहे. रामराजातल्याचा नुसखा सगळीकडे लागू पडता तर त्याच हावड्यात २०२२ आणि २०२३ साली रामनवमीच्या मिरवणुकींवरून शिवपूर भागात जे दंगे झाले ते झाले नसते. राम तोच, तिथी तीच, गावही तेच. मिरवणूक मात्र निराळी. जुन्या रामराजाची मिरवणूक चार महिने शेजाऱ्यांत बसल्यानंतर निघते. ही पहिल्याच दिवशी निघते.

महाराष्ट्रातून येणाऱ्या आमच्या पाहुण्यांना आम्ही आता दक्षिणेश्वर, बेलूर आणि वनस्पती-उद्यान यांच्या जोडीला रामराजातला सुचवीत असतो. ते दिवस उकाड्याचे, त्यामुळे बहुतेक जण नाही म्हणतात. जे कबूल होतात त्यांना प्रथम हसू येते, कारण नागपूरवरून येणारी त्यांची गाडी हावडा गाठण्याच्या जरा आधी, सांतरागाछी मागे टाकल्यावर, याच रामराजातला नावाच्या स्थानकावरून धडधडत आलेली असते आणि सामान आवरण्याच्या घाईत ती पाटी त्यांनी वाचलेली नसते. मेल तिथे थांबत नाही. हावड्यास उतरून लोकल धरावी लागते आणि आल्या वाटेने थोडे मागे जावे लागते.